ऑनलाइन अर्ज सगळ्यांना भरता यावा म्हणून: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सुगम्यतेचे काम, म्हणजे अपंग व्यक्तींसह सगळ्यांना वेबसाइट वापरता येईल अशी करणे, बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी हाती घेतले जाते. वेबसाइट तयार असते, कुणीतरी स्वयंचलित तपासणीचे साधन चालवते, लाल खुणा दिसतील तेवढ्या मिटवल्या जातात आणि अहवाल फाइलला लागतो. त्यानंतरही स्क्रीन रीडर (पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणारा माणूस अर्जाच्या तिसऱ्या पानावर अडकतो, कारण तिथले ‘पुढे’ हे बटण कीबोर्डला सापडतच नाही. त्याची तक्रार येत नाही. आकडेवारीत तो ‘अर्धवट सोडलेला अर्ज’ म्हणून मोजला जातो आणि विषय संपतो.

यात मुख्य चूक क्रमाची असते. रंग आणि अक्षरांचा आकार शेवटच्या दिवशीही बदलता येतो, पण पानाचा सांगाडा बदलायचा तर पान पुन्हा लिहावे लागते. म्हणून खाली एकाच सेवेचा, म्हणजे ऑनलाइन अर्जाचा, मार्ग पहिल्या पानापासून पावतीपर्यंत घेतला आहे. माहितीच्या पानावर एखादे चित्र वर्णनाविना राहिले तर वाचकाचे थोडे अडते. अर्जात मात्र एक पायरी बंद असली की बाकीच्या कितीही चांगल्या असून उपयोग नाही. मोजमापासाठी डब्ल्यूसीएजी २.२ (ऑक्टोबर २०२३) या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची ‘एए’ ही तीनपैकी मधली पातळी धरली आहे.

## तयारी: कोड लिहिण्याआधी

अर्जदाराच्या वाटेतली प्रत्येक गोष्ट कागदावर उतरवा: माहितीचे पान, लॉगिन, ओटीपीचा संदेश, अर्जाची पाने, कागदपत्रे चढवणे, शुल्क भरणे, पोचपावतीची पीडीएफ, नंतर येणारा ईमेल. दुसऱ्या कंपनीकडून घेतलेले पडदेही यादीत हवेत. कॅप्चा (समोर माणूसच आहे ना हे तपासणारे कोडे) आणि पेमेंटचे पान ‘आमचे नाही’ म्हणून सुटते, आणि नेमका तिथेच अर्ज अडतो.

साधने फार लागत नाहीत. एक कीबोर्ड, विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, एक अँड्रॉइड फोन (त्यातला स्क्रीन रीडर टॉकबॅक) आणि जमल्यास एक आयफोन (त्यातला व्हॉइसओव्हर), कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजेडातला फरक, मोजणारे कोणतेही साधन, आणि ॲक्स किंवा वेव्ह यांपैकी एक स्वयंचलित तपासनीस.

मग प्रश्न कापा. प्रत्येक रकाना समोर ठेवून विचारा: ही माहिती कशासाठी, ती आपल्याकडे आधीच आहे का, ती नंतर मागता येईल का? काढून टाकलेल्या रकान्याला लेबल लागत नाही, तो चुकत नाही आणि तपासावाही लागत नाही. एकाच अर्जात तीच माहिती दोनदा टाइप करायला लावणे २.२ आवृत्तीनुसार दोष आहे. पत्ता पुन्हा लागत असेल तर आधीचाच वापरण्याची सोय द्या.

सावधान: कोपऱ्यात तरंगणारे ‘सुगम्यता’ बटण बसवून हे काम टळत नाही. अंध माणसाकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतो आणि कमी दिसणाऱ्याकडे स्वतःचे झूम. त्यांना हवा असतो नीट बांधलेला अर्ज. असे बटण नसलेली लेबले अंदाजाने भरते, आणि अंदाज चुकला की गोंधळ वाढतो.

## १. सांगाडा

भाषेचा कोड. मराठी पान इंग्रजी टेम्पलेटवरून बनवले की मुळातला इंग्रजी भाषाकोड तसाच राहतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने देवनागरी वाचायला जातो आणि मजकूर गाळतो किंवा त्याचा चुथडा करतो. पानाच्या मुळाशी मराठीचा कोड, ‘एमआर’, द्या. मधे दुसऱ्या भाषेतला परिच्छेद आला तर तेवढ्यालाच वेगळा कोड लावा.

युनिकोड. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संगणकी क्रमांक. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर कधीही पानात चिकटवू नका. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. तो मजकूर शोधात सापडत नाही, त्याचे भाषांतरही होत नाही. रूपांतर करून घेतल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा; तिथे हमखास गडबड होते.

पानाचे शीर्षक. अर्जाच्या सगळ्या पानांना ‘ऑनलाइन अर्ज’ हे एकच शीर्षक नको. ‘पत्ता – पायरी ३, एकूण ६ – शिष्यवृत्ती अर्ज’ असे हवे. वेगळे ते आधी, सामाईक ते शेवटी, कारण स्क्रीन रीडर सुरुवातीपासून वाचतो आणि ऐकणारा पहिल्या दोन शब्दांतच पुढे जातो.

हेडिंग आणि बटणे. मुख्य हेडिंग एक, त्याखाली दुसऱ्या पातळीची, मधली पातळी न गाळता. अक्षरे मोठी हवीत म्हणून हेडिंग वापरू नका, आणि हेडिंगच्या जागी नुसती ठळक अक्षरेही नकोत. बटणासाठी एचटीएमएलचे बटणच घ्या. साध्या डिव्हला (एचटीएमएलची नुसती चौकट) क्लिक जोडून केलेल्या बटणावर टॅबने पोचता येत नाही, एंटर आणि स्पेस चालत नाहीत, आणि ते बटण आहे हे स्क्रीन रीडरला कळत नाही. वरून एरियाचा (स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये जोडायच्या खुणा) रोल, म्हणजे भूमिका, लावला तर तिसरी अडचण सुटते, पहिल्या दोन तशाच राहतात. एरिया नाव आणि भूमिका सांगतो, वागणूक देत नाही. ज्या पानावर एरिया फार, तिथे आधी संशय घ्यावा.

तपासणी: सीएसएस (पानाचे रूप ठरवणारा कोड) बंद करून पान वरून खाली वाचा. क्रम अर्थाला धरून असला आणि प्रत्येक रकान्याचा प्रश्न त्याच्या लगेच आधी आला, तर पुढे जा.

## २. कीबोर्ड

माउस बाजूला ठेवा आणि पूर्ण अर्ज भरा. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, लिंकवर एंटर, चेकबॉक्सवर स्पेस, रेडिओ बटणांच्या (एकच पर्याय निवडायची गोल बटणे) गटात बाणांच्या कळा. गटात टॅब एकदाच शिरतो आणि पुढच्या टॅबला बाहेर पडतो. तो बिघाड नाही, प्रत्येक पर्यायावर टॅब थांबावा म्हणून ‘दुरुस्ती’ करू नका.

नेहमी सापडणारे दोष असे:

- फोकसची, म्हणजे कीबोर्ड सध्या कोणत्या घटकावर आहे ते दाखवणारी, चौकट ‘वाईट दिसते’ म्हणून सीएसएसमधून काढलेली. चौकट हवीच, आणि तिचा आजूबाजूच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ३ : १ हवा.
- वर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली फोकस झाकला जातो. स्क्रोल होताना वर तेवढी जागा सोडा.
- टॅबइंडेक्सला (टॅबचा क्रम सांगणारा कोडमधला आकडा) १, २, ३ असे आकडे देऊन क्रम ठरवलेला. नवा रकाना घातला की सगळे विस्कटते. शून्य किंवा उणे एक, याखेरीज आकडा नको.
- ड्रॉपडाउनमध्ये पर्याय बदलताच पान पुढे जाते. कीबोर्डवाला तिसऱ्या पर्यायाकडे निघालेला असतो आणि पहिल्यावरच पान उडते. पुढे जायला वेगळे बटण द्या.
- पॉपअप उघडतो, पण फोकस मागच्या पानावरच फिरत राहतो. उघडताच फोकस आत जावा, उघडा असेपर्यंत आतच राहावा, एस्केपने पॉपअप बंद व्हावा आणि फोकस ज्या बटणावरून निघाला तिथेच परतावा.

जन्मतारखेसाठी कॅलेंडर देऊ नका. चाळीस वर्षे मागे जायला महिन्यांचे बाण दाबत बसणे कुणालाच नको असते. दिवस, महिना, वर्ष असे तीन लिहायचे रकाने सगळ्यांना सोपे पडतात.

## ३. रकाने आणि लेबले

प्रत्येक रकान्याला दिसणारे लेबल हवे आणि ते कोडमध्ये रकान्याच्या आयडीशी जोडलेले हवे. जोडले आहे का हे कळायला लेबलवर क्लिक करा. कर्सर रकान्यात गेला पाहिजे. प्लेसहोल्डर (रिकाम्या रकान्यात आधीच दिसणारा नमुना मजकूर) हे लेबल नव्हे. पहिले अक्षर टाइप होताच तो जातो, मग भरलेला अर्ज पुन्हा तपासताना कोणत्या रकान्यात काय विचारले होते ते उरत नाही. शिवाय तो बहुधा फिका असतो.

सूचना रकान्याच्या वर, लेबलखाली लिहा आणि वर्णन म्हणून रकान्याशी जोडा. खाली लिहिली तर फोनच्या कीबोर्डमागे जाते. ‘आवश्यक’ हे लाल चांदणीने नव्हे, शब्दाने सांगा. बहुतेक रकाने आवश्यक असतील तर उलट करा आणि जे ऐच्छिक आहेत तिथेच ‘ऐच्छिक’ लिहा.

रेडिओ बटणांचा प्रश्न फील्डसेट आणि लेजंडमध्ये (एचटीएमएलमधला रकान्यांचा गट आणि त्याचे शीर्षक) ठेवा. तसे नसेल तर ऐकणाऱ्याला फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ ऐकू येते. कशाला हो म्हणायचे ते कळत नाही.

नाव, ईमेल, फोन, पत्ता या रकान्यांना ऑटोकम्प्लीटची (रकान्यात काय भरायचे ते ब्राउझरला सांगणारी) ठरलेली मूल्ये द्या. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला अक्षरे उलटसुलट दिसतात, त्याचे टाइपिंग ब्राउझर वाचवतो.

आता मराठी अर्जांचे खास दुखणे. इथे डेव्हलपरने इंग्रजी अर्जातली तपासणी जशीच्या तशी उचललेली असते:

- ‘फक्त अक्षरे’ असा नियम काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त नाकारतो, कारण युनिकोडमध्ये ती ‘अक्षर’ या वर्गात नसून जोडचिन्हांच्या वर्गात येतात. नियमात दोन्ही वर्ग घ्या, तसेच काही कीबोर्ड मधे घालतात ती न दिसणारी, शून्य रुंदीची जोडचिन्हेही.
- मर्यादा वीस अक्षरांची असली की नाव मधेच तुटते. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला मात्र चार घटक. मर्यादा सैल ठेवा.
- देवनागरी अंक नाकारले जातात. जावास्क्रिप्टचा नेहमीचा ‘अंक’ नियम ० ते ९ हे फक्त रोमन लिपीतल्या रूपातच ओळखतो. दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारा आणि आत रूपांतर करा. मधली रिकामी जागा आणि आडव्या रेघाही प्रोग्रामनेच काढाव्यात. ते माणसाचे काम नाही.
- फोन किंवा खाते क्रमांकासाठी ‘नंबर’ प्रकारचा रकाना वापरला जातो. त्यात सुरुवातीचे शून्य गळू शकते, आणि माउसच्या चाकाने आकडा नकळत बदलू शकतो. साधा मजकूर रकाना ठेवून फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल एवढी सूचना द्या.

तपासणी: जोडाक्षरांचे लांब नाव, देवनागरी अंकांतला फोन क्रमांक आणि मधे जागा सोडलेला खाते क्रमांक टाकून पाहा. तिन्ही विनातक्रार स्वीकारले गेले पाहिजेत.

## ४. दिसणे

साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १. मोठ्या मजकुराला (१८ पॉइंट, किंवा ठळक असल्यास १४ पॉइंट) ३ : १ चालतो. रकान्यांच्या कडा आणि अर्थ सांगणारी चिन्हे यांनाही ३ : १. पांढऱ्यावर फिक्या करड्या कडा हा सध्याचा आवडता दोष आहे. कमी दिसणाऱ्याला रकाना कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

एकट्या रंगाने काहीही सांगू नका. चुकलेला रकाना लाल केला तर सोबत शब्दही हवेत. अर्ज पूर्ण होईपर्यंत ‘पुढे’ हे बटण करडे आणि बंद ठेवण्याची पद्धतही सोडा. ते बंद का आहे हे कुणालाच कळत नाही. बटण चालू ठेवा आणि दाबल्यावर काय राहिले ते सांगा.

१२८० पिक्सेल रुंद खिडकीत ब्राउझर ४००% झूम करा. म्हणजे ३२० पिक्सेल रुंदी उरते. मजकूर एकाच स्तंभात, एकाखाली एक यावा, आडवे सरकवायला लागू नये. फोनवर बोटांनी मोठे करणे बंद करणारी व्ह्यूपोर्टची (पान फोनच्या पडद्यावर कसे बसवायचे ते सांगणारी) सूचना कोडमध्ये दिसली तर काढून टाका. दाबायची जागा किमान २४ × २४ पिक्सेल. मुख्य बटणांना ४४ ठेवलेली बरी.

देवनागरीला ओळींमधले अंतर जास्त लागते. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. रोमन मजकुरासाठी बेतलेल्या बटणात ते कापले जातात आणि ‘कु’ चा ‘क’ होतो. दीडपट अंतरापासून सुरुवात करा आणि बटणांना ठरावीक उंची देऊ नका. अक्षरांमधले अंतर वाढवायची सीएसएस देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते.

## ५. चूक झाली तर

बाकी सगळे नीट करूनही अर्ज इथे हातचा जातो. पडद्यावर वर कुठेतरी लाल पट्टी येते, फोकस खाली बटणावरच राहतो, आणि ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. तो पुन्हा बटण दाबतो. पुन्हा शांतता.

क्रम असा ठेवा:

१. टाइप होत असताना चुका दाखवू नका. ईमेलचे तिसरे अक्षर लिहिताच ‘ईमेल चुकीचा’ असे सांगण्यात अर्थ नाही. बटण दाबल्यावर तपासा.
२. पानाच्या शीर्षकाच्या सुरुवातीला ‘चूक:’ जोडा.
३. मुख्य हेडिंगच्या वर चुकांची यादी द्या आणि फोकस त्या यादीवर न्या. यादीतली प्रत्येक ओळ संबंधित रकान्याकडे नेणारी लिंक असावी.
४. तोच संदेश, त्याच शब्दांत, रकान्याजवळही लिहा, रकान्याला वर्णन म्हणून जोडा आणि रकाना ‘अवैध’ असल्याची एरियाची खूण लावा.
५. भरलेले काहीही पुसू नका. एका चुकीसाठी बारा रकाने रिकामे करणारा अर्ज माणूस दुसऱ्यांदा भरत नाही.

संदेशात काय झाले आणि काय करायचे, दोन्ही हवे. ‘अवैध इनपुट’ यातून काहीच कळत नाही. ‘जन्मवर्ष चार आकड्यांत लिहा, उदा. १९८७’ हे कळते. दोन वेगळ्या चुकांना एकच संदेश नको: रकाना रिकामा असेल तर ‘ईमेल लिहा’, अर्धवट असेल तर ‘ईमेलमध्ये ॲट चिन्ह राहिले आहे’. दोष माणसाला देऊ नका, आणि ‘अरेरे!’ सारखी लाडिक भाषाही नको; अर्जाची मुदत संपत आलेल्या माणसाला ती चीड आणते.

पान न बदलता येणारे संदेश, जसे ‘मसुदा जतन झाला’, यांना लाइव्ह रीजन, म्हणजे मजकूर बदलताच स्क्रीन रीडर आपणहून वाचतो अशी पेटी, लागते. ती रिकामी पेटी पानात आधीपासून हवी आणि मजकूर नंतर तिच्यात घालायचा. पेटी आणि मजकूर एकदम आणले तर कित्येकदा स्क्रीन रीडर गप्प राहतो. साध्या माहितीला ‘स्टेटस’ रोल द्या. ‘अलर्ट’ चालू असलेले वाचन तोडतो, म्हणून तो खरोखर तातडीच्या गोष्टीसाठीच. तीन सेकंदांत विरघळणाऱ्या टोस्टमध्ये (कोपऱ्यात उगवणारी छोटी सूचना) महत्त्वाचे काहीही सांगू नका. पडदा ४००% मोठा केलेल्या माणसाला तो कोपरा दिसतच नाही.

तपासणी: अर्ज पूर्ण रिकामा पाठवा. माउस न वापरता, ऐकत ऐकत, पहिल्या चुकीपासून शेवटचीपर्यंत पोचून सगळ्या दुरुस्त करता आल्या पाहिजेत.

## ६. ओळख, ओटीपी आणि वेळ

पासवर्ड आणि ओटीपीच्या रकान्यात पेस्ट बंद करू नका. त्याने सुरक्षितता वाढत नाही; पासवर्ड मॅनेजर मात्र निकामी होतो आणि लोक सोपे पासवर्ड ठेवू लागतात. लक्षात ठेवणे, कोडे सोडवणे किंवा पाहून उतरवणे हाच लॉगिनचा एकमेव मार्ग नसावा, असे २.२ आवृत्ती सांगते.

ओटीपीसाठी सहा छोट्या चौकटींऐवजी एक रकाना ठेवा. सहा चौकटींत स्क्रीन रीडर सहा वेळा घोषणा करतो आणि पेस्ट बहुधा पहिल्याच चौकटीत अडकते. एका रकान्याला एकवेळच्या कोडचे ऑटोकम्प्लीट मूल्य दिले की फोन स्वतःच संदेशातला कोड सुचवू शकतो. ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर बाकी अर्ज जागच्या जागी राहावा.

कोडची मुदत ठरवताना ऐकून काम करणाऱ्याचा विचार करा. त्याला अर्जातून बाहेर पडून संदेश उघडायचा, अंक ऐकायचे, परत येऊन रकाना शोधायचा असतो. पूर्ण सत्राची, म्हणजे लॉगिन चालू राहण्याची, वेळ संपत आली तर आधी सूचना द्या, वाढवून घ्यायला किमान २० सेकंद आणि एका कळीची साधी कृती द्या, आणि असे किमान दहा वेळा करता येऊ द्या. मसुदा आपोआप जतन होत असेल तर या साऱ्याची धार बरीच बोथट होते.

चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा शक्यतो नकोच. सोबत ध्वनीचा पर्याय दिला तरी ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, तो बाहेरच राहतो. बनावट अर्ज सर्व्हरच्या बाजूने, वेग आणि वारंवारता पाहून रोखा.

## ७. कागदपत्रे, शुल्क, पावती

‘फाइल इथे ओढून टाका’ असेल तर शेजारी साधे ‘फाइल निवडा’ बटणही हवे. आकाराची मर्यादा आणि चालणारे प्रकार निवडण्याआधी सांगा. पडद्यावर बोटाने सही काढायला लावत असाल तर सहीचा फोटो चढवणे किंवा नाव टाइप करून संमती देणे असा पर्याय ठेवा.

पेमेंटचे पान दुसऱ्याचे असले तरी करार करण्यापूर्वी त्याची कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर चाचणी करा. नंतर बदल करून मिळत नाहीत.

पावती आधी वेबपान म्हणून दाखवा, पीडीएफ नंतर. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र. त्यात वाचण्यासारखे काही नसते. पीडीएफ टॅग केलेली (हेडिंग, परिच्छेद अशा खुणा आत असलेली) हवी, तिला भाषा आणि शीर्षक हवे. अर्ज क्रमांक मजकूर म्हणून द्या, कॉपी करता येईल असा.

## ८. चाचणी, याच क्रमाने

आधी स्वयंचलित साधन. ते नसलेली लेबले आणि कमी कॉन्ट्रास्ट पटकन पकडते. चित्राला वर्णन आहे की नाही हे त्याला कळते, ते वर्णन खरे आहे की फाइलचे नाव चिकटवले आहे हे कळत नाही. म्हणून शून्य दोषांचा अहवाल आला तरी काम संपलेले नसते. त्यानंतर कीबोर्ड, मग ४००% झूम, मग स्क्रीन रीडर.

एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबल्यावर पुढचे हेडिंग आणि ‘एफ’ ने पुढचा रकाना येतो. इन्सर्ट आणि एफ७ ने लिंक, हेडिंग, रकाने यांची यादी उघडते. सुरुवातीला आवाजाचा वेग झेपत नाही, तेव्हा ‘स्पीच व्ह्यूअर’ उघडा. बोललेले सगळे लिहून दिसते आणि दोषाच्या नोंदीत चिकटवता येते. हात बसला की मॉनिटर बंद करून एकदा पूर्ण अर्ज भरा. फोनवर उजवीकडे स्वाइप करत प्रत्येक घटकावर थांबा आणि डबल टॅप करून चालवा.

शेवटी खरे वापरणारे लोक बोलवा: स्क्रीन रीडरवाले, झूमवाले, एका हाताने किंवा आवाजाने संगणक चालवणारे, सावकाश वाचणारे. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. त्यांना काम सांगा, रस्ता सांगू नका. ‘हा अर्ज पाठवा’ एवढे पुरे. ते अडले तर बटण कुठे आहे हे लगेच सांगायचा मोह आवरा.

सापडलेले दोष दोन ढिगांत टाका: ज्यांमुळे अर्ज पूर्णच होत नाही ते, आणि ज्यांमुळे वेळ लागतो ते. पहिला ढीग संपेपर्यंत सेवा सुरू करू नका. प्रत्येक नोंदीत पान, ब्राउझर, स्क्रीन रीडर, दाबलेल्या कळा, जे झाले ते आणि जे व्हायला हवे होते ते लिहा. दुरुस्ती एका पानावर न करता सामाईक घटकातच करा आणि मग केवळ तो रकाना नव्हे, लॉगिनपासून पावतीपर्यंतची सगळी वाट पुन्हा तपासा.